मागील देणी

शिरोलीच्या फाउंड्रीत दुसऱ्या मजल्यावर
एसीचा गारवा, आणि फटीतून वर येणारा
जळक्या वाळूचा वास.
टेबलाच्या पल्याड ओसाकाचे चौघे,
अल्याड खराडे बाप-लेक, त्यांचे सीए,
आणि मध्ये मी,
तासाच्या दरानं मिळणारी जीभ.

एक्कावन्न टक्के.
नवी भट्टी. कागलला वीस एकर.
तीनशे पोरांना काम.
मी आकडे इकडून तिकडं नेते,
दुधाच्या घागरीसारखे, न हिंदकळता.

मग कलम अकरा :
‘मागील कोणतीही देणी, ज्ञात वा अज्ञात,
नव्या भागीदारावर राहणार नाहीत.’
नेहमीचंच आहे, सीए म्हणाले, पुढं घ्या.
मी पुढं घ्यायला गेले
आणि जात्यात खडा आला.

केरबा चौगले, माझ्या आज्याचा थोरला भाऊ.
बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापुरात
साहेबानं सांगितलं म्हणून रायफल खाली ठेवली
आणि रांगेत उभा राहिला.
तिथनं बोट. बोटीतनं कुठलंसं बेट.
घरी एकच कार्ड आलं, छापील :
माझी तब्येत ठीक आहे.
खाली वळणदार सही.
केरबाला सही येत नव्हती,
अंगठा यायचा.

आमच्या गावात पहिल्या लढाईचा दगड आहे,
किती गेले, किती राहिले, सगळं कोरलेलं.
दुसरीचा दगड आणायचा राहून गेला.

त्याची बायको हौसाक्का
पेन्शनीसाठी कचेरीत जायची.
मेल्याचा कागद आण, म्हणायचे.
तिनं कुंकू पुसलं नाही, कागद मिळाला नाही.
पुढं कुणीतरी जपानी रेडिओ आणला घरात,
तो तिनं उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला.
पावसात भिजून गेला बिचारा.
मी पुण्याला जाऊन त्यांची भाषा शिकले
तेव्हा ती नव्हती.
असती तर ओरडली नसती, आत्या सांगते.
एवढंच म्हणाली असती :
बोलाय येतंय न्हवं तुला,
मग इचार की त्यास्नी, कुठं पुरलं.

विचारायचं कुणाला?
समोरचे किताजिमा पंचेचाळिशीचे, माझ्याच वयाचे,
शर्टाच्या खिशात लेकीनं चिकटवलेला बेडकाचा स्टिकर.
सकाळी गेटवरच्या वॉचमनलाही वाकून नमस्कार केलेला.

तेवढ्यात चहा आला.
किताजिमांचा कोपर लागला आणि ग्लास आडवा,
चहा नेमका अकराव्या कलमावर पसरला.
ते ताडकन उठले, कमरेत वाकले :
सुमिमासेन, सुमिमासेन.

काय म्हणतोय? थोरल्या खराड्यांनी विचारलं.
माफ करा, एवढं सांगून भागलं असतं,
त्याचेच पैसे मिळतात मला.
पण शब्द उकलला की आत निघतं :
फिटत नाही. संपलेलं नाही.
मी म्हटलं, म्हणतायत, अजून फिटलेलं नाही.
काय फिटलेलं नाही? सीए सावध झाले.
चहाचं, मी म्हटलं.
सगळे हसले. हसण्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

पान नवं छापून आलं. सह्या झाल्या.
नंतर खाली भट्टी बघायला गेलो.
साचा फोडला की ही वाळू पुन्हा वापरतो,
धाकटे खराडे सांगत होते,
शंभर वेळा वापरा, कशाचा आकार होता
तिच्या ध्यानात राहत नाही.
किताजिमांनी मूठभर वाळू उचलली,
बराच वेळ हातात धरली.
मी भाषांतर केलं, पण जरा उशिरानं.

गेटबाहेर आले तर भाच्याचा फोन.
तीनशेत त्याचाही अर्ज आहे.
आत्ती, मिटलं काय?
सही झाली, मी म्हटलं.